सहा चाळीसचं पाणी

मालन मेस्त्रीचं दुकान बोरिवलीला बाभईच्या एका गल्लीत आहे. अलीकडे इस्त्रीवाला, पलीकडे पोळीभाजी केंद्र आणि मधे सहा फूट रुंदीचा हा गाळा. आत भिंतीला टेकून पोटं उघडी पडलेली कॉम्प्युटरची खोकी उभी असतात, आणि त्यांच्या मधोमध स्टुलावर मालन, नाकावर चष्मा, हातात बारीक स्क्रू-ड्रायव्हर. दारावर पाटी नाही. कुणी विचारलं तर ती म्हणते, "ज्याचा कॉम्प्युटर बंद पडता तो शोधत येता. ज्याचा चालू आसा, त्याका पाटी वाचून काय करूचा?"

बावन्न वर्षांची ही बाई. वडील लोअर परळला गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. संप झाला, गिरणी सुटली, आणि बिऱ्हाड बोरिवलीला आलं तेव्हा मालन अकरा वर्षांची होती. दहावीनंतर एका कॉम्प्युटर क्लासमध्ये हजेरी घेण्याच्या कामाला लागली. सर फळ्यावर शिकवायचे ते पोरं लिहून घ्यायची, आणि ही दाराशी बसून ऐकायची. एक दिवस क्लासातलं एक मशीन मेलं. कंपनीचा माणूस चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी मालनने ते उघडलं, आतली एक पट्टी काढली, खोडरबरने तिचे दात घासले आणि परत बसवली. मशीन सुरू झालं. सरांनी विचारलं, "कुणी शिकवलं?" ती म्हणाली, "तुम्हीच. मी दाराशी होते."

तेव्हापासून तीस वर्षं तिने हेच काम केलं. तिची कामाची एक रीत आहे आणि ती कुणासाठीही मोडत नाही. कॉम्प्युटर समोर आला की ती त्याला हात लावत नाही. आधी माणसाला बसवते आणि वही उघडून विचारते, "शेवटचा बरा दिवस कुठला?" त्या दिवशी काय केलं, त्यानंतर काय झालं, लाईट गेली का, कुणी नवीन काही घातलं का, हे सगळं लिहून घेते. माणसं वैतागतात. शेजारच्या चौकातला दुकानदार पाच मिनिटांत सगळं पुसून नवं घालून देतो, हे तिलाही माहीत आहे. त्याबद्दल ती एकच बोलते, "घर झाडायला सांगितलं तर घरच पाडायचं काय?"

त्या वर्षी अधिक श्रावण आला होता. बारा ऑगस्टच्या शनिवारी सकाळी मालनला गोराईच्या खाजणपाड्यातून फोन आला. खाजणपाडा म्हणजे खाडीकाठची चाळीसेक कोळी घरं आणि त्यांची एक लहानशी मच्छीमार सोसायटी. सोसायटीचं ऑफिस सांभाळणारी नलिनी फोनवर होती.

"मालनताई, आमच्या कॉम्प्युटरमध्ये चालू केल्यावर दोन नावं यायची, विंडोज आणि लिनक्स. आता थेट विंडोजच उघडतं. दुसरं नाव गायब झालंय. आणि चेअरमन म्हणतात, सोमवारी माणूस बोलवून सगळं फॉरमॅट करू."

"सोमवारपर्यंत त्याला हात लावू देऊ नको. मी येते."

फेरीबोटीने खाडी ओलांडून मालन पाड्यावर पोचली तेव्हा सुकती होती, म्हणजे पाणी ओसरलेलं. खाडीत बोटी चिखलावर कुशीला कलंडून पडल्या होत्या. त्यातली सगळ्यात मोठी बोट 'कमळप्रसाद', निळी आणि पिवळी, नुकतीच रंगवलेली. तिच्यावर जाळी चढलेली नव्हती, बर्फाची पेटी रिकामी होती. हंगाम सुरू होऊन बाराच दिवस झाले होते आणि ती बोट बांधून ठेवलेली होती.

ऑफिसात नलिनीने खुर्ची पुसून दिली. मालनने वही उघडली.

"शेवटचा बरा दिवस?"

"एकतीस जुलै," नलिनी लगेच म्हणाली. "दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी पुढच्या महिन्याच्या भरती-सुकतीचा तक्ता छापून बाहेर लावते. तो प्रोग्राम लिनक्समध्येच आहे, एका संस्थेने घालून दिला होता. दुपारी चारला तक्ता काढला, मशीन बंद केलं. मग बाराच्या आधी परत येऊन विंडोज लावलं. बोट सुटताना तिला द्यायचं टोकन विंडोजमध्ये निघतं ना."

"बाराच्या आधी म्हणजे रात्री?"

"हो. त्या रात्री बंदी उठत होती." आणि एवढं बोलून नलिनीचा चेहरा पडला. "ताई, त्या रात्रीचंच तर सगळं झालंय."

मग तिने सांगितलं ते असं. जून आणि जुलै हे दोन महिने सरकारी मासेमारी बंदी असते. एकतीस जुलैची मध्यरात्र उलटली की बोटी सुटतात. पाड्यात पहिली बोट भिकाजीची जाते. भिकाजी म्हणजे सहासष्ट वर्षांचा तांडेल, बोट हाकणारा, आणि 'कमळप्रसाद'चा मालकही. बोटीला आईचं नाव दिलेलं. त्याची बोट सगळ्यात खोल बसते, तिला पाणी जास्त लागतं, म्हणून पुढे तीच. त्या रात्रीही बारा वाजून गेल्यावर नलिनीने पहिलं टोकन काढलं, बोट गेली, मागून बाकीच्या गेल्या. पाच तारखेला मत्स्य खात्याने सगळ्या टोकनांच्या नोंदी मागवल्या. एक नंबरच्या टोकनावर छापलं होतं: एकतीस जुलै, संध्याकाळी सहा चाळीस. बंदी उठायच्या पाच तास आधी.

"बोटीचा परवाना हंगामभर रद्द करायची नोटीस आली, तेव्हापासून बोट बांधलेली," नलिनी म्हणाली. "सतरा तारखेला खात्याचे साहेब इथे चौकशीला येणार. पाड्यातले सगळे साक्ष द्यायला तयार आहेत, तर साहेब म्हणतात, तुम्ही सगळे एकमेकांचे भाचे-पुतणे. कागद दाखवा. आणि कागद तर मीच छापलाय."

"छापताना वेळ बघितली नाहीस?"

नलिनीने खिडकीकडे बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मी खिडकीतून पाणी बघत होते, ताई. पाणी उतरायला लागलेलं. भिकूकाका खालून ओरडत होते, नलू, पानी चाललं, टोकन टाक. मी बटण दाबलं."

खाजणपाड्यात घड्याळ भिंतीवर असतं, पण त्याच्याकडे कोण बघतं? तिथे लग्नाची वरात, माणसाचं मरण, बोटीचं निघणं, सगळं पाण्यावर सांगतात. नलिनी बी.कॉम. झालेली, पण ती त्याच पाण्याची पोर.

मालनने वहीत दोन वेळा एकाखाली एक लिहिल्या. नलिनीच्या मते टोकन काढलं ते बारा-दहाच्या सुमारास. कागदावर सहा-चाळीस. तिने वजाबाकी केली आणि चष्मा काढून खाली ठेवला.

"साडेपाच तास," ती म्हणाली.

"मशीनमधला सेल गेला असेल का? तो चौकातला माणूस म्हणत होता."

"सेल गेला की मशीन कुठल्या तरी जुन्या वर्षात जाऊन बसतं गो. बरोब्बर साडेपाच तास चुकत नाही. साडेपाच तास म्हणजे आपल्यात आणि लंडनच्या मूळ, हिवाळ्यातल्या घड्याळात जेवढं अंतर तेवढं." ती हसली. "तुझ्या काकांच्या बोटीचं आणि तुझ्या हरवलेल्या नावाचं दुखणं एकाच पेटीत आहे. फॉरमॅट केलं असतं ना, तर दोन्ही गेली असती."

नलिनीला काही उमगलं नाही. तेव्हा मालनने सांगितलं, "हे बघ. या पेटीत दोन सिस्टिमा म्हणजे एका घरात दोन जावा. चूल एक, म्हणून एका वेळी एकच रांधणार. पण घरात भिंतीवरचं घड्याळही एकच आहे. लिनक्स आली की ते काढून लंडनच्या वेळेवर लावते, आणि बघताना मनातल्या मनात साडेपाच तास मिळवते. तिला बरोबर वेळ कळते. मग ती उठते, विंडोज येते. तिला हे काही ठाऊक नाही. ती घड्याळात दिसतं तेच खरं धरते. म्हणजे साडेपाच तास मागे. भांडण नाही दोघींचं, नुसतं बोलणं नाही."

"पण मग दर महिन्याला असं व्हायला हवं?"

"होतच असणार. एरवी नेट असतं. नेट मिळालं की विंडोज बाहेरून वेळ विचारून घेते आणि सुधारते. त्या रात्री नेट होतं?"

नलिनी ताडकन उठली. "नव्हतं! वाऱ्याने वायर तुटलेली. पहिली बोट गेली आणि थोड्या वेळाने आलं."

"झकास," मालन म्हणाली. तेवढा एक शब्द.

तरी तिने मशीनला लगेच हात लावला नाही. आधी चेअरमनना बोलावलं. ते आले ते कुरकुरतच. "मॅडम, कशाला उकरताय? साफ करून टाका, नवीन सुरुवात."

"चौकशी चालू असताना पुसलंत तर साहेब काय म्हणतील, चेअरमन? पुरावा खाल्ला म्हणतील."

चेअरमन बसले. मालनने पिशवीतून स्वतःची डिस्क काढली, मशीनमधलं सगळं जसंच्या तसं तिच्यावर उतरवून घेतलं, आणि कागदावर तारीख-वेळ घालून चेअरमन आणि नलिनी दोघांच्या सह्या घेतल्या. आधी नक्कल, मग हात. या कामाला तीन तास लागले. तेवढ्यात पाणी चढलं, बोटी एक एक करून ताठ उभ्या राहिल्या.

हरवलेलं नाव सापडायला मात्र पाच मिनिटं लागली. मशीन चालू होता होता तिने एक बटण दाबून धरलं, तशी निळी पाटी उघडली. कुणाला आधी बोलवायचं त्याची यादी तिथे होती. लिनक्स तिथेच होती, धडधाकट. नेट आल्यावर विंडोजचं मोठं अपडेट आलं होतं आणि त्यानंतर यादीत विंडोज वर जाऊन बसली होती. मालनने लिनक्सला पुन्हा वर घेतलं. मशीन बंद, चालू. काळ्या पडद्यावर दोन्ही नावं आली.

नलिनीने दोन्ही हात गालांना लावले. "अगं बाई, आली!"

"कुठे गेली नव्हतीच ती."

मग मालनने दोन्ही सिस्टिमांच्या आतल्या नोंदी उघडल्या. प्रत्येक सिस्टिम स्वतःची डायरी लिहीत असते, कधी उठली, कधी निजली, घड्याळ कधी हललं. लिनक्सच्या डायरीत होतं: एकतीस जुलै, चार-दहाला चालू, चार-पस्तीसला बंद. विंडोजच्या डायरीत होतं: एकतीस जुलै, सात वाजून तीन मिनिटांनी घड्याळ बदललं, एक ऑगस्टचे बारा वाजून तेहतीस मिनिटं केली. मधे कुणी माणूस नाही, सिस्टिमने स्वतः. मालनने ती पानं छापली आणि नलिनीच्या हातात दिली.

निघताना ती धक्क्यावर भिकाजीकडे गेली. म्हातारा जाळं शिवत बसला होता. तिने सगळं सांगितलं. त्याने मान वर केली नाही.

"बाय, तू शिकलेली. तुझं खरं आसंल. पन मी त्या चौकशीत तोंड उघडनार नाय. माझा बाप पहिली बोट काढायचा, त्याला कुनी इचारलं नाय, कवा गेलास. एकदा जबाब दिला, बस झालं."

"बरं," मालन म्हणाली. "तुम्ही बाहेर बसा. आत मी बोलते."

गुरुवारी सतरा तारखेला साडेअकराला साहेब आले. परभणीकडचा माणूस, चाळिशीचा, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. समुद्राशी त्याची ओळख नोकरीतली, पण माणूस सरळ. त्याने मालनला विचारलं, "तुम्ही कोण?"

"कॉम्प्युटर दुरुस्त करते."

"डिग्री?"

"नाही. करून दाखवते."

तिने नेटची वायर काढून साहेबांच्या हातात दिली. लिनक्स चालू केलं. "तुमच्या मनगटावर किती वाजले?"

"अकरा पंचावन्न."

"इथे?"

"अकरा पंचावन्न."

तिने मशीन बंद केलं, विंडोज लावलं. कोपऱ्यात आकडे उमटले. सहा-सत्तावन्न. साहेब खुर्ची पुढे ओढून वाकले. एक मिनिट, दोन मिनिटं ते नुसते त्या आकड्यांकडे आणि आपल्या घड्याळाकडे बघत राहिले.

मालनचा हात थांबला होता. पंचावन्नला बंद केलं, चालू व्हायला दोन मिनिटं लागली, म्हणजे सहा-सत्तावीस दिसायला हवं होतं. अर्धा तास जास्त. चेअरमन खाकरले. नलिनीने पदराचं टोक मुठीत धरलं.

"हे पाच तास झाले," साहेब म्हणाले. "तुम्ही साडेपाच म्हणत होता."

मालन गडबडली नाही. तिने वही उघडली, शनिवारपासूनचं वाचलं. मग नलिनीकडे वळली. "शनिवारनंतर या मशीनला कोण बसलं होतं?"

चेअरमनच हळू आवाजात म्हणाले, "मी. काल. तक्ता बघायला. चुकून विंडोज लावलं, तिथे एक खिडकी आली, देश निवडा म्हणून. काहीतरी दाबलं."

मालनने घड्याळाची सेटिंग उघडली. देशाच्या जागी पाकिस्तान होता, कराचीची वेळ लागली होती. नेट होतं तोवर कुणाला कळलं नव्हतं, अर्धा तास मागे कोण बघतो? पण तरी हिशेब जुळेना. कराची मागे, म्हणून आकडा आणखी मागे जायला हवा होता, पुढे कसा? तिने एक क्षण डोळे मिटले आणि मग तिला दिसलं. "विंडोजने भिंतीवरचं घड्याळ जसंच्या तसं वाचलं, देश कुठलाही असो. मग चूक लिनक्सकडची." तिने परत लिनक्स लावलं. तिथेही चेअरमननी कराचीच दाबलं होतं का, हे ती तपासणार, तोच तिचं लक्ष साहेबांच्या मनगटाकडे गेलं.

"साहेब, तुमचं घड्याळ चालू आहे ना?"

साहेबांनी मोबाइल काढला. मोबाइलमध्ये बारा-चौतीस झाले होते, लिनक्सच्या पडद्यावरही तेवढेच. मनगटावर बारा-चार. काटा पुढे सरकत होता, पण सकाळपासून अर्धा तास मागे राहून.

"आणि लिनक्समध्ये अकरा पंचावन्न मीच सांगितलं," साहेब म्हणाले. "मनगटावर बघितलं आणि तेच तिथे आहे असं धरून बोललो." ते हसले नाहीत, पण त्यांचा आवाज उतरला. "माझीही चूक नोंदवा."

परत विंडोज लावलं, आणि आता पडद्यावर आणि मोबाइलमध्ये बरोब्बर साडेपाच तासांचं अंतर होतं. मालनने विंडोजमधली कराची काढून आपला देश लावला आणि मग छापलेली पानं पुढे ठेवली.

साहेबांनी ती दोनदा वाचली. पेन उघडलं. पुन्हा मिटलं.

"बाई, मला पटतंय. पण उद्या वरून मला विचारतील. मशीन खोटं बोललं, हे त्याच मशीनची डायरी सांगते. आणि ती उघडणारा माणूस सोसायटीनेच बोलावलेला. मी काय उत्तर देऊ? मला मशीनच्या बाहेरचं काहीतरी पाहिजे. मालकाचा जबाब बघा." त्यांनी फाइल चाळून वाचलं, "'उतरत्या पाण्यावर निघालो.' ही काय वेळ झाली? किती वाजता निघालास विचारलं तर पाणी सांगतो. मी त्यावर शेरा मारलाय, टाळाटाळ करतो."

मालन खुर्चीवरून उठली आणि खिडकीत गेली. खाली भिकाजी तसाच बसला होता. तिने त्याला वेळ विचारली नाही.

"भिकाजीदादा, त्या एकतीस तारखेला संध्याकाळी सहा चाळीसला पाणी कुठे होतं?"

म्हाताऱ्याने सुई थांबवली. बारा दिवसांत त्याला हे कुणीच विचारलं नव्हतं.

"सा चाळीसला?" तो खालूनच ओरडला. "कसलं पानी? चौदस व्हती ती! तिथी चौदा, तिची पाऊनपट काढ, साडेधा. रातच्या साडेधा-अकराला भरती. सुकती साडेचार-पाचला. सा चाळीसला नुसतं चढायला लागलेलं, घोट्याएवढं. माझी बोट कुशीला पडलेली चिखलात. हिला पाच फूट पानी लागतं. काय खांद्यावर घेऊन गेलो?"

साहेब खिडकीत आले. "आणि उतरतं पाणी कधी?"

"अकरानंतर. बारा वाजायची वाट बघत व्हतो नव्हं, पानी हातातनं चाललं तरी. तुमच्या कायद्यापायी."

साहेब परत टेबलाशी गेले. पिशवीतून त्यांनी सरकारी भरती-ओहोटीचं छापील पुस्तक काढलं. ते त्यांच्याकडे नोकरीला लागल्यापासून होतं. जुलैचं पान उघडून त्यांनी एकतीस तारखेवर बोट ठेवलं, आणि तिथल्या वेळा म्हाताऱ्याने सांगितल्या तशाच निघाल्या. मग त्यांनी फाइल जवळ ओढली, 'टाळाटाळ' या शब्दावर आडवी रेघ मारली आणि लिहायला सुरुवात केली.

लिहून झाल्यावर त्यांनी वाचून दाखवलं. टोकन क्रमांक एक, सुटण्याची वेळ एक ऑगस्ट, रात्री बारा वाजून दहा मिनिटं. नोटीस मागे. खाली सही, शिक्का.

नलिनी कागद घेऊन जिना उतरली ती जवळजवळ पळतच. भिकाजीने कागद हातात घेतला नाही. आधी पाण्याकडे बघितलं. प्रतिपदेची पाऊणची भरती, एक वाजत आला होता, 'कमळप्रसाद' दोरावर ओढ घेत होती.

"पोरांना हाक मार," तो म्हणाला. "बर्फ वाटेत घेऊ. हे पानी सोडायचं नाय."

मालन वर थांबली होती. दोघी जावांची एकमेकींशी एकदाची ओळख करून देणं बाकी होतं. लिनक्समध्ये तिने एक ओळ लिहिली, की घड्याळ इथल्याच वेळेवर ठेव. मग नेटची वायर न लावता तीन वेळा आलटून पालटून दोन्ही सिस्टिमा चालू केल्या. तिन्ही वेळा एकच वेळ आली. तिने वहीत तसं लिहिलं.

साहेब तिच्या मागे उभे होते. "ही पाऊणपट म्हणजे काय हो?"

"माका नाय म्हायत," मालन म्हणाली. "त्यांका विचारा. पण लवकर. ते चालले."

साहेब खरोखरच जिना उतरून धक्क्यावर गेले. इंजिन सुरू झालं होतं. भिकाजी सुकाणूला होता, आणि दोघांमध्ये दहा हात पाणी. साहेब हातांचा कर्णा करून विचारत होते, आणि म्हातारा बोटांवर तिथी मोजत, इंजिनाच्या वरताण ओरडून, त्यांना सांगत होता.